पाण्याचा वार शुक्रवार

पहिला दिवस, सोमवार

मनमाड मागे पडलं तसा खिडकीबाहेरचा रंग बदलत गेला. मी चिपळूणची. आमच्याकडे जानेवारीतही डोंगर पुरता उघडा पडत नाही. कुठे आंबा, कुठे काजू, कुठे नुसतं रान, पण झाकलेला असतो. इथे जमीन थेट क्षितिजापर्यंत मोकळी. तुरीची शेतं, कापसाच्या वाळत आलेल्या पऱ्हाट्या, मध्येच ज्वारीचा उभा पट्टा आणि लांबवर माथे सपाट कापल्यासारखे डोंगर. एवढं आभाळ मी फक्त गुहागरच्या समुद्रावर पाहिलं होतं.

छत्रपती संभाजीनगर माझ्यासाठी संपूर्ण नवं शहर. गाडीत समोर बसलेल्या आजींच्या तोंडी अजून औरंगाबाद होतं, त्यांच्या नातवाच्या तोंडी संभाजीनगर, आणि दोघांचं एकमेकांना व्यवस्थित कळत होतं. इथे माझं नातेवाईक कोणी नाही, शाळेची सहलही कधी इकडे आली नाही. पाठीवर एक सॅक आणि पाच दिवसांची रजा, एवढ्यावर निघाले होते. लॉज बघणार होते, पण माझी मैत्रीण मूळची इथली. ती नोकरीसाठी बंगळूरला असते. "लॉजवर राहिलीस तर आयुष्यात बोलणार नाही," असा तिने फोनवर दम भरला, म्हणून मुक्काम सिडकोत तिच्या आई-बाबांकडे.

काका स्टेशनवर स्कूटर घेऊन आले होते. घराच्या दारात ओळीने चार निळे ड्रम, त्यांवर लाकडी फळ्या आणि फळ्यांवर दगड. काकूंचं माहेर परभणीकडचं, बोलण्यात तिकडचा हेल पक्का. "ये माय, बस. लई लांबून आलीस. हातपाय धू, आंघोळ कर, मग जेवू." मी दोन बादल्या घेऊन आंघोळ केली, वर प्रवासातली जीन्स आणि कुर्ता धुऊन टाकला. आमच्या घरामागे विहीर आहे, पंप लावला की पाणी. हात आपोआप चालले.

काकू काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी चहा पिताना माझी नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. सणवारांच्या बाजूला काही तारखांना निळ्या पेनने गोल केले होते. मी सहज विचारलं, तर काका म्हणाले, "पाण्याचे दिवस. मागचं गेल्या शनिवारी आलं. आता शुक्रवारी येईल." माझ्या पोटात गोळा आला. दोरीवर माझी जीन्स ठिबकत होती, आणि तिच्याखाली काकूंनी केव्हाच एक घमेलं ठेवलं होतं.

रात्री काकांनी जुन्या शहरात नेलं. बावन्न दरवाज्यांचं शहर म्हणतात, त्यातले आज मोजकेच उभे आहेत, पण जे आहेत ते नुसते बघायला ठेवलेले नाहीत. त्यांच्या कमानीखालून रिक्षा, दूधवाले, शाळेच्या व्हॅन असं सगळं रोज जातं-येतं. शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्याजवळून आत वळलो आणि एका गल्लीत भट्टीपुढे उभे राहिलो. नान-खलिया. तुघलकाच्या फौजेसाठी मोठमोठ्या कढयांत शिजवायला लागले तिथून हा पदार्थ इथे आला, असं सांगतात. भट्टीवाला गादीसारख्या कापडावर कणकेचा गोळा थापायचा, त्यावर हळद-गुळाच्या पाण्याचा हात फिरवायचा आणि खांद्यापर्यंत हात आत घालून भट्टीच्या भिंतीला चिकटवायचा. नान बाहेर आला तो पिवळाधमक, फुगलेला, कडेला थोडा करपलेला. सोबत मटणाचा लाल रस्सा. आमच्याकडच्या रश्श्याला खोबऱ्याचा दाटपणा असतो. हा पातळ, पण मसाला घशाच्या खाली उतरल्यावर कळणारा. गल्ल्यावरचे चाचा दोनदा म्हणाले, "और तर्री लेओ बेटा, तर्री के पैसे नहीं."

जायचं असेल तर अंधार पडता पडता जा. उशीर झाला की नान संपतात.

दुसरा दिवस, मंगळवार

सकाळी सात वाजता मध्यवर्ती बसस्थानकावर पोचले, वेरूळची एसटी पकडायला. थंडी अशी की कोकणात मी अशी थंडी पाहिलेली नाही. कोरडी, ओठ फुटणारी. कंडक्टरने माझी सॅक बघितली आणि स्वतःहूनच म्हणाला, "ताई, लेण्यांना चाललात का? आज मंगळवार. वेरूळ बंद असतं." तेव्हा लिहून ठेवा: वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. आणखी एक, महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे एकटीने फिरणाऱ्या मुलीला जिल्हाभर हिंडायला एसटीइतकं स्वस्त दुसरं काही नाही.

मग पाणचक्कीकडे गेले, आणि आता वाटतं की तो दिवस चुकला ते बरं झालं. वेरूळ मला माहीत होतं. पाणचक्कीचं मी फक्त नाव ऐकलं होतं.

खाम नदीच्या काठी, मेहमूद दरवाज्याला लागून ही जागा. बुखाऱ्याजवळच्या गावातून आलेले सूफी, बाबा शाह मुसाफिर, यांचा दर्गा इथे आहे. फकीर, यात्रेकरू, वाटसरू यांच्या जेवणासाठी पीठ लागायचं, ते दळायला ही चक्की. १७४४ च्या सुमारास ती उभी राहिली. शहराच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी पाण्याचा झरा. तिथून मातीच्या नळांतून, जमिनीखालून, काही किलोमीटर चालत पाणी इथवर आणलं. इथे एका उंच भिंतीत ते वर चढतं आणि वरून हौदात पडतं. ना पंप, ना वीज. झरा उंचावर आहे आणि नळ कुठे फुटलेला नाही, एवढ्या एका गोष्टीवर.

मी गेले तेव्हा धार बारीक होती. तरी जाळीपलीकडे दगडी जातं फिरत होतं. तिथले एक वयस्कर गृहस्थ, पांढरी टोपी, अंगात स्वेटर, मला म्हणाले, "ऊपर से पानी, नीचे पंखा, बीच में चक्की. बस." मग हाताने खाली यायची खूण केली. हौदाच्या खाली एक मोठं दालन आहे. आत गेल्यावर ते वर बोट दाखवून म्हणाले, "ये छत नहीं है बेटा, हौज का तला है." म्हणजे आम्ही पाण्याच्या खाली उभे होतो. मी भिंतीला हात लावला. बाहेर ऊन चढलेलं, आणि इथे भिंत मडक्यासारखी गार. उन्हाळ्यात दमूनभागून आलेल्या माणसाला टेकायला केलेली खोली. पीठ दळायला आणलेल्या पाण्यातून एवढा गारवाही काढून घेतला होता. बाहेर मोठा थोरला वड आहे, त्याच्या पारावर मी तासभर बसून राहिले.

शहराला पाणी पाजायची ही पहिली खटपट नव्हे. त्याच्याही शंभरेक वर्षं आधीची नहर-ए-अंबरी आहे. मलिक अंबर हा मूळचा इथिओपियाचा, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, हात बदलत बदलत दख्खनला पोचलेला आणि पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झालेला. १६१० मध्ये त्याने खडकी नावाच्या खेड्याच्या जागी हे शहर वसवलं. खडकी! नावातच खडक. अशा जागी शहर वसवायचं तर आधी पाणी हवं. त्याने डोंगरातून झिरपणारं पाणी जमिनीखाली बांधीव बोगद्यात गोळा केलं, हलक्या उतारावरून शहरात आणलं, आणि वाटेत हवा सुटायला ठिकठिकाणी खांब उभे केले. पुढे इथे अशा आणखी नहरी झाल्या. थत्ते नहर हे नाव अजून लोकांच्या बोलण्यात येतं. त्याच अंबरने १६१२ मध्ये मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून भडकल दरवाजा बांधला. मी दुपारी तोही पाहिला. भव्य आहे. पण मला विचाराल तर त्या माणसाची खरी कमान जमिनीखाली आहे.

जेवायला घरी आले तर भोगी. मी विसरूनच गेले होते. "न खाई भोगी तो सदा रोगी," म्हणत काकूंनी ताट वाढलं. तीळ लावून थापलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, आणि भोगीची भाजी: हरभऱ्याचे सोलाणे, वालाच्या शेंगा, वांगं, गाजर, बोरं, शेंगदाणे, सगळं तिळाच्या कुटात माखलेलं. भाजीत बोर मी पहिल्यांदाच खाल्लं. आंबट-गोड गर आणि तिखट रस्सा एकत्र लागतो तेव्हा दुसरी भाकरी कोणी वाढली ते कळत नाही.

भोगीला डोक्यावरून न्हायचं असतं. काकू न्हायल्या त्या एका बादलीत. त्यानंतर मी दिवसभर त्यांच्याकडे नीट बघत राहिले. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला. भाजी धुतलेलं एका बादलीत साठवलेलं, त्यात भांड्यांचा पहिला हात. कपड्यांचं शेवटचं, साबण नसलेलं पाणी अंगणात सड्याला. त्याआधीचं, साबणाचं, संडासात. ड्रमातून घेताना लांब दांड्याचा डोया, म्हणजे हात पाण्याला लागत नाही आणि पाणी शुक्रवारपर्यंत टिकतं. कोणतंही पाणी एकदाच वापरून मोरीत जात नव्हतं. हे सगळं बोलत, हसत, मालिका बघत चाललेलं. मी माझ्या जीन्सबद्दल माफी मागितली तेव्हा काकू म्हणाल्या, "कामून वाईट वाटून घेतीस? पाहुणीला पाणी मोजून द्यायचं असतं का लेकरा?"

रात्री काकांनी २०१६ चा उन्हाळा सांगितला. तेव्हा ते बँकेच्या नोकरीत लातूरला होते. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं होतं, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. "गाडी बघायला लोक स्टेशनवर उभे. लग्नाच्या वरातीला उभे राहतात तसे," म्हणाले आणि बराच वेळ गप्प बसले.

तिसरा दिवस, बुधवार

संक्रांत. आणि मला ठाऊक नव्हतं, पण १४ जानेवारी हा इथे आणखी एका गोष्टीचा दिवस आहे.

मला विद्यापीठामागच्या डोंगरातली औरंगाबाद लेणी बघायची होती. सातव्या लेण्यात वादक स्त्रियांच्या मधोमध नाचणारी तारा आहे, तिच्यासाठी. पण विद्यापीठाच्या रस्त्यावर रिक्षा थांबली, पुढे माणसांचा पूर. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, खांद्यावर पोरं, डोक्यावर शिदोरीची गाठोडी. नामविस्तार दिन. १९५८ साली सुरू झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात १९७८ मध्ये झाला, आणि ते नाव प्रत्यक्ष लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. मधल्या सोळा वर्षांत माणसं मेली, घरं जळाली, मोर्चे निघाले. दरवर्षी त्या दिवशी मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून लोक या गेटपाशी येतात, गेटला हात लावतात, कपाळ टेकवतात. विद्यापीठाच्या कमानीपुढे लोक नमस्कार करतात हे दृश्य मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. देवळापुढे नाही, गेटपुढे.

दोन्ही बाजूंना पुस्तकांचे स्टॉल. बायका पोरांना पुस्तकं घेऊन देत होत्या, जत्रेत खेळणी घेऊन द्यावीत तशी. मी फुटपाथवर टेकले तर शेजारच्या आजींनी न विचारताच भाकरीचा अर्धा तुकडा आणि ठेचा हातावर ठेवला. त्या जिंतूर तालुक्यातून आलेल्या, सोबत पाचवीतला नातू.

"कुठली गं तू?"

"कोकणातली, आजी. चिपळूणची."

"म्हणजे महाडाकडची." त्यांचा चेहरा एकदम उजळला. "चवदार तळ्याची."

आमच्या घरापासून महाड दोन-अडीच तासांवर. मुंबईला जाता-येता मी शेकडो वेळा त्या गावावरून गेले असेन. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तिथे ओंजळीने पाणी घेतलं, हे शाळेत पाठ केलं होतं. पण एकदाही उतरून ते तळं पाहिलं नाही, हे मला आजींना सांगावं लागलं. त्या रागावल्या नाहीत. नातवाला म्हणाल्या, "बघ, ही ताई तळ्याच्या मुलखातली हाय." ठेच्याने मला ठसका लागला, तशी त्यांनी पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडून दिलं. "पी माय. पोटभर पी. घरून भरून आणलंय."

लेणी राहिलीच. मला त्याचं काही वाटत नाही.

दुपारी बीबी का मकबरा. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिची ही कबर, मुलगा आझम शाह याने बांधली असं सांगतात. रचनाकार अताउल्ला आणि हंसपत राय यांची नावं तिथे कोरलेली आहेत. खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे आला अशी नोंद मिळते. त्या सात आण्यांचा हिशोब ठेवणारा कारकून मला फार आवडला. ताजमहाल डोक्यात ठेवून बघायला गेलात तर हिरमोड होईल, कारण संगमरवर खालच्या पट्ट्याला आणि घुमटाला, बाकी चुन्याचा गिलावा. तुलना बाजूला ठेवा आणि उतरत्या उन्हात, मागे डोंगर घेऊन उभी असलेली ती इमारत स्वतंत्रपणे बघा. त्या दिवशी तिच्या मनोऱ्यांमागे शहरातले पतंग उडत होते. कारंज्यांचे पाट कोरडे होते.

संध्याकाळी काकूंनी त्यांची काळी साडी मला नेसवली आणि गल्लीतल्या सगळ्या घरी हळदीकुंकवाला फिरवलं. "ही कोकणातली हाय, आमच्या पोरीची मैत्रीण." प्रत्येक घरी तिळगूळ, आणि प्रत्येक घरी दुसरं वाक्य हेच: "तुमच्याकडं पाणी लई, ना?"

चौथा दिवस, गुरुवार

वेरूळ शहरापासून तीसेक किलोमीटर. एसटी दौलताबादच्या जुन्या दरवाज्यातून अंग चोरून जाते, मग घाट चढून खुलताबाद, मग वेरूळ. पहिल्या बसने जा. नऊनंतर शाळांच्या सहली येतात.

चौतीस लेणी: पहिली बारा बौद्ध, पुढची सतरा हिंदू, शेवटची पाच जैन. सगळी एका दिवसात बघायचा हट्ट धरू नका. मी पाच निवडली: दहा, बारा, सोळा, एकोणतीस आणि बत्तीस. दहाव्या लेण्याला सुतार का झोपडा म्हणतात, कारण दगडी छताला लाकडी वासे कोरलेत. तिथल्या रखवालदाराने बुद्धमूर्तीपुढे उभं राहून एक लांब सूर लावला आणि तो छताच्या वाशांमधून फिरत बराच वेळ परत येत राहिला. एका सहलीतली पोरं एकदम गप्प झाली.

सोळावं, कैलास. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं. आधी वर जा, लेण्याच्या डोक्यावरच्या वाटेने, आणि काठावरून खाली बघा. कळस आधी, मग छत, मग खांब, मग हत्ती, असं वरून खाली कोरत आले. वर काही चुकलं तर दगड पुन्हा जोडता येत नाही. खाली उतरल्यावर सगळे आत मंदिराकडे जातात. तुम्ही आवारातच डावीकडे बघा. तिथे तीन नद्यांचं छोटं देवालय आहे: गंगा, यमुना, सरस्वती. मगरीवर उभी गंगा, कासवावर यमुना, कमळावर सरस्वती. अंगाची वळणं अशी की दगड ओला वाटतो. कोरड्या मुलखातल्या पाथरवटाने नदी कशी असते ते बघून ठेवलं होतं. मी तिथे इतका वेळ थांबले की एका काकूंनी "हरवलीस का गं?" म्हणून विचारलं.

एकोणतिसाव्या लेण्याजवळ पावसाळ्यात वेळगंगेचा धबधबा कोसळतो. आत्ता खडकावर फक्त काळे ओघळ. गावात घृष्णेश्वराचं दर्शन घेतलं, मालोजीराजांची गढी पाहिली, आणि अहिल्याबाई होळकरांशी नाव जोडलेलं शिवालय तीर्थ. चारही बाजूंनी पायऱ्या खाली उतरत जातात, मधोमध पाणी. देवळात रांग होती, इथे मी एकटी.

दुपारी काकांच्या एका मित्राच्या शेतावर हुरडा. मी हुरडा शहरातल्या पाकिटातून खाल्ला होता. तो हुरडाच नव्हता, एवढं आता सांगू शकते. जमिनीत खड्डा करून पेटवलेली गोवऱ्यांची आगटी. भाऊ ज्वारीची हिरवी कणसं कापून आणायचे, निखाऱ्यात खुपसायचे, वरून राख ओढायचे. कणीस बाहेर आलं की त्यांच्या आई, सगळे त्यांना मावशी म्हणत होते, ते तापलेलं कणीस सरळ दोन तळव्यांत धरून चोळायच्या. मी एकदा करून पाहिलं, बोटं भाजली. मावशींचा तळवा जवळून पाहिला: रेषा दिसत नव्हत्या, सगळीकडे एकसारखी घट्ट कातडी. हातातून दाणे सुपात पडायचे, त्या एक फुंकर मारायच्या, कोंडा उडायचा, आणि दुधाळ, हिरवे, धुराचा वास असलेले गरम दाणे समोरच्या पानावर. सोबत तिळाची चटणी, जवसाची चटणी, गूळ, दही, आणि तोंड पोळलं की ताक. गार व्हायच्या आत खायचा. बोलत बसलात तर गेला.

मी पाण्याचं विचारलं. दुष्काळाचं ऐकायला मिळेल असं वाटलं होतं. भाऊ म्हणाले, "यंदा उलटं झालं ताई. सप्टेंबरात इतकं आलं की कापसाची बोंडं झाडावरच काळी पडली. वढ्याकाठची माती खरवडून नेली." ते पायाने ढेकूळ फोडत होते. "नसतं तवा नसतंच. येतं तवा हे असं."

मग मी त्यांना २२ जुलै २०२१ सांगितला. वाशिष्ठीचं पाणी आमच्या तळमजल्यावर कसं चढत गेलं, आईने गव्हाचा डबा डोक्यावर घेऊन जिना कसा चढला, आणि दुसऱ्या दिवशी घरभर गुडघाभर चिखल असताना प्यायला मात्र घोटभर पाणी नव्हतं. मावशी कणीस चोळायच्या थांबल्या. "एवढ्या पाण्यात अन् प्यायला नाही?" त्यांनी परत एकदा विचारून घेतलं. मग माझ्या पानावर आणखी दोन मुठी हुरडा घातला.

हुरड्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीचा. वेरूळ-खुलताबादच्या रस्त्याला हुरडा पार्टीचे फलक दिसतात. जमलं तर ओळखीच्या शेतावरच जा.

पाचवा दिवस, शुक्रवार

पहाटे चारला काकू उठून नळाजवळ बसल्या होत्या. नळ उघडा, खाली स्टीलची कळशी, पाणी आलं की आवाजाने कळावं म्हणून. साडेसहापर्यंत काही नाही. "तू जाऊन ये किल्ल्यावर," म्हणाल्या. "मी हाय इथं."

देवगिरी म्हणजेच दौलताबाद, एसटीने अर्धा-पाऊण तास. यादवांची राजधानी, १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी चालून आला ती हीच. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीहून राजधानी इथे हलवली आणि काही वर्षांत परत नेली. परतण्याच्या कारणांत पाण्याची टंचाईही सांगतात. चांद मिनारच्या आधी, वाटेच्या डाव्या बाजूला हत्ती हौद लागतो. लोक भराभर पुढे जातात, तुम्ही काठापर्यंत जा. केवढा तो! मी आत डोकावले, तळाशी काहीच नव्हतं, दुसऱ्या टोकाचा माणूस लहान दिसत होता. वर अंधारीसाठी, म्हणजे काळोख्या भुयारी वाटेसाठी, बॅटरी जवळ ठेवा, वटवाघळं आहेत आणि पायऱ्या एकसारख्या नाहीत. माथ्यावरून चारी बाजूंचा मुलूख दिसतो. मी चढले, पण खरं सांगते, लक्ष घरच्या नळाकडे होतं. बारादरीतून काकूंना फोन केला. "नाही आलं अजून."

तीनला परतले, नाही. पाचला नाही. गल्लीत प्रत्येक दारात कोणी ना कोणी बाहेर. समोरच्या वहिनींनी ड्रम घासून उपडे घालून ठेवलेले. माझी रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस, सॅक भरून तयार. आमच्याकडचा शेवटचा ड्रम तळाला गेला होता, डोया खरवडल्यासारखा वाजत होता.

सव्वासातला नळाने आधी श्वास घेतल्यासारखा आवाज केला. मग हवा, फसफस, दोन-चार तांबूस थेंब. आणि मग कळशीत पहिली धार. "आलं! आलं गं!" गल्लीभर एकच आवाज फिरला, पाठोपाठ सगळीकडे भांड्यांचा. पुढचा दीड तास कोणी कोणाशी धड वाक्य बोललं नाही. काका गच्चीवर पाईप धरून. काकू स्वयंपाकघरात पिण्याचं भरत, हंडा, कळशी, माठ, दुहेरी फडक्यातून गाळून. मी दारात ड्रमांपाशी. एक भरत आला की पाईप दुसऱ्यात, मध्ये एक थेंब जमिनीवर पडू द्यायचा नाही. तिसऱ्या ड्रमाला मला ते जमलं. समोरच्या वहिनी एकट्याच होत्या, त्यांचा एक ड्रम मी भरला. बोटं गारठून सुजल्यासारखी झाली होती.

पावणेनऊला धार बारीक झाली आणि थांबली. काकूंनी कॅलेंडरवर आजच्या गोलावर बरोबरची खूण केली.

निघताना मी सॅकच्या कप्प्यातली बाटली काढून हलवली. अर्धी भरलेली होती. म्हटलं, पुरेल रात्रीपुरतं. काकूंनी ती हातातून घेतली, उरलेलं पाणी तुळशीला घातलं आणि माठातून काठोकाठ भरून दिली.

"ते शिळं झालं," म्हणाल्या. "हे आजचं हाय."